उपाशी कोपरा

रावेर, ८ नोव्हेंबर १९४८, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली आणि मी एक नवं लचांड गळ्यात घेतलं. पुण्याजवळच्या एका लष्करी इस्पितळात आपल्या जळगावच्या सुनंदाबाई जखमी सैनिकांसाठी काम करतात. त्यांचं पत्र आलं. काश्मीरहून आलेल्या जवानांच्या एका वॉर्डात वीस खाटा आहेत, सरकारी घोंगड्या टोचतात, थंडी वाढते आहे. रावेरच्या बायकांकडून वीस गोधड्या मिळतील का? मी विचार न करता 'मिळतील' असं कळवून टाकलं. कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हटल्यावर गावाच्या वतीने होकार द्यायची सवयच लागते.

त्या वॉर्डात आपला कौतिकही आहे. बेबाबाई आणि जीवरामभाऊ यांचा एकुलता एक. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तो लहान असताना माझ्या ओट्यावर पाटी घेऊन बसायचा, आणि लष्करात जाऊ की नको असा घरात वाद झाला तेव्हा बेबाबाईला समजावायला मीच गेले होते. मोठं भाषण केलं होतं मी. आता त्या भाषणातलं एकही वाक्य आठवावंसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर हॉलमध्ये सतरंज्या टाकतो आणि तीस-पस्तीस बायका शिवायला बसतात. जुनी लुगडी, धोतरं, सोवळ्यातलं विरलेलं रेशीम, सगळं आलं आहे. हात शिवतात आणि तोंडं गावभर फिरतात. आज मला तीन घरांतली भांडणं आणि एका सुनेचं दागिन्यांचं प्रकरण फुकटात कळलं.

बेबाबाई कोपऱ्यात बसते आणि बोलत नाही. नवऱ्याला लकवा झाल्यापासून ती घराबाहेर पडते ती एवढीच. तिचा धावदोरा पाहिला की आमच्या शिवणाच्या शिक्षिकेलाही लाज वाटावी. तिने स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं फाडून वर घातलं आहे. मी म्हटलं, हे कशाला फाडलंस? ती म्हणाली, तो लहानपणी याच पदरात निजायचा.

२८ नोव्हेंबर, रविवार

गोधड्या तयार झाल्या. वीस मागितल्या होत्या, एकवीस झाल्या, कारण बेबाबाईने एकटीने दोन शिवल्या. दुसरी जरा लहान आहे. ती मी नमुना म्हणून स्वतःकडे ठेवते असं तिला सांगितलं. पुढे दुसऱ्या गावांच्या बायकांना दाखवायला होईल.

पण आज मला रागही आला. घड्या घालताना एका गोधडीच्या कोपऱ्यात काही तरी कडक लागलं. उसवून पाहिलं तर भाकरीचा तुकडा. दुसरी पाहिली, तिच्यातही तेच. एकवीसच्या एकवीस गोधड्यांच्या शेवटच्या कोपऱ्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा शिवलेला. म्हणे रीत आहे, गोधडीला उपाशी ठेवायचं नसतं. मी दुपारभर बायकांना सुनावलं. ते इस्पितळ आहे. तिथे उंदीर लागले, मुंग्या झाल्या, त्या जखमांवर चढल्या तर? सुनंदाबाईंच्या पत्रात खाण्याची वस्तू पाठवू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. सगळ्यांनी माना खाली घालून घड्या घालायला घेतल्या. फक्त बेबाबाई उठून माझ्याजवळ आली.

"बाई, गोधडीले उपाशी धाडू नका. तिचं पोट भरलं नही, त ते मानसातून खाते."

मी तिला म्हटलं की स्वराज्य येऊन वर्ष झालं, आता तरी या गोष्टी सोडा. मग कोणावर विसंबायला नको म्हणून स्वतः कात्री घेऊन बसले, एकवीस कोपरे उसवले, तुकडे काढले आणि स्वतःच्या हाताने पुन्हा शिवले. माझा टाका काही बेबाबाईसारखा नाही, पण पक्का आहे. तुकडे अंगणात चिमण्यांना टाकले.

३० नोव्हेंबर, मंगळवार

चार गठ्ठे रावेर स्टेशनवरून रवाना केले. शाळेच्या मुलींनी झेंडे हलवले. पार्सलबाबूने शिक्का मारताना आमची फार तारीफ केली आणि मला ती आवडली, हे इथे तरी कबूल करायला हरकत नाही.

अंगणातले तुकडे दोन दिवस तसेच पडून आहेत. चिमण्या तिकडे फिरकलेल्या नाहीत.

१४ डिसेंबर, मंगळवार

सुनंदाबाईंचं आभाराचं पत्र. वीस खाटांवर वीस गोधड्या पसरल्या, वॉर्ड एकदम घरासारखा दिसू लागला. कौतिकने हिरवं लुगडं ओळखलं आणि तोंडावर घेऊन रडला. जवानांची भूक फार सुधारली आहे, स्वयंपाकी तक्रार करतो म्हणे. पत्र मी हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. भुकेचं वाक्य आल्यावर बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी मुद्दाम ते वाक्य पुन्हा वाचलं.

थंडी चांगलीच पडली आहे. आजपासून नमुन्याची गोधडी मीही वापरायला काढली. नुसती कपाटात ठेवून काय करायची?

२६ डिसेंबर, रविवार

केळीच्या बागेत भरताचा बेत होता. मी सहसा एक भाकरी खाते, आज चार खाल्ल्या. वर वांग्याचं भरीत किती घेतलं याचा हिशेब नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले. खानदेशात राहून भरताला नाही म्हणायचं म्हणजे गुन्हाच. मोकळ्या हवेचा परिणाम. घरी येऊन दुपारी गोधडी घेऊन पडले तर पुन्हा भूक लागून जाग आली.

यशोदाबाई माझ्याकडे स्वयंपाकाला येते. ती सांगत होती की सकाळी गोधडी उन्हात टाकताना एकटीला उचलवली नाही. दवाने कापड जड होतं. तिला तेवढंही समजत नाही.

३ जानेवारी १९४९, सोमवार

काश्मिरात लढाई थांबली. मुलींना पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पेढा खाल्ला, मग उरलेले नऊ-दहाही. कोणी पाहिलं नाही, पण मला स्वतःचीच शरम वाटली. हे का वय आहे असं करायचं?

सुनंदाबाईंचं छोटं पत्र आहे. जवान दुप्पट जेवतात, पण अंगी लागत नाही. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. जखमा भरायला हव्या होत्या त्या भरत नाहीत.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. मी विधवा, मला वाण कोणी देत नाही आणि मला त्याचं आता काही वाटतही नाही. पण यशोदाबाईने तिळाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. सकाळी पाहिला तर रिकामा, माझ्या उशाशी. मी खाल्ले असणार, कारण घरात दुसरं कोणी नाही. आठवत मात्र नाही.

वडिलांचं घड्याळ हातातून घसरतं म्हणून पट्ट्याला मोचीकडून नवं भोक पाडून घेतलं. महिन्यातलं हे दुसरं. चामडं ढिलं पडतं थंडीत.

गोधडीचा माझ्या हातचा कोपरा सकाळी ओलसर असतो. दवच असेल, पण मी खिडकी बंद करून निजते. यशोदाबाई आता गोधडीची घडी घालत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, तिच्या कोपऱ्याला हात लागला की तो बोटाकडे येतो. बाई कामसू आहे, पण डोकं यथातथाच.

१७ जानेवारी, सोमवार

आज पुण्याहून पत्र आलं. सुनंदाबाई लिहितात: वीसही जवान हाडांचे सापळे झाले आहेत. समोरच्या वॉर्डात, जिथे सरकारी घोंगड्या आहेत, तिथे सगळे ठणठणीत. डॉक्टर पाणी तपासून झाले, दूध तपासून झाले. कौतिकची अवस्था सगळ्यांत वाईट. चार माणसांचं जेवतो आणि तरी ताटाकडे पाहत राहतो. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली आहे. घरच्यांना कळवा. आणि शेवटी एक ओळ: 'तुमच्या गोधड्या काढून घ्यायला गेलं तर ही मुलं सोडत नाहीत, आणि खरं सांगू, मला वाटतं की गोधड्याही सोडत नाहीत.'

सुनंदाबाई शिकलेली बाई आहे. बी.ए. आहे.

पत्र घेऊन मी बेबाबाईच्या घरी गेले. ती जीवरामभाऊंना भरवत होती. मी वाचत गेले आणि ती घास करत राहिली. शेवटपर्यंत ऐकलं, नवऱ्याचं तोंड पुसलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. मी त्या खायलाही तयार होते. मी म्हटलं, तू चल पुण्याला, भाऊंची व्यवस्था मी करते, तू कोपरे भर.

"ज्या हातानं काढलं, त्याच हातानं घाला लागते, बाई. माह्या हातानं चालायचं नही. तुमीच जा."

मी तिच्या चुलीपुढे बसून रडले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. आजही नाही. पण पोराला आठ दिवस उरलेत, डॉक्टरांकडे औषध नाही, आणि भाकरीचे वीस तुकडे शिवायला माझं काय जातं?

बेबाबाईच्या घरून निघताना तिने मला भाकरी वाढली. मी पाच खाल्ल्या. ती मोजत होती, हे माझ्या ध्यानात आलं.

२० जानेवारी, गुरुवार, गाडीत

बेबाबाई स्टेशनवर आली होती. हातात ताज्या कळण्याच्या भाकरीचे तुकडे बांधलेलं फडकं. तिने माझं मनगट धरलं, घड्याळ वर-खाली सरकवून पाहिलं आणि म्हणाली, "भलत्या वायल्या, बाई तुमी." वाळले असेन, या काळजीत कोण नाही वाळणार? मग फडकं माझ्या हातात दिलं.

"एकवीस हायेत. मी मोजले. एकवीस."

गाडी सुटली. मी वीस म्हणणार होते, पण शाळा न शिकलेल्या बाईला स्टेशनवर उभं राहून गणित काय शिकवायचं? एखादा तुकडा मोडला-बिडला तर जास्तीचा असावा म्हणून दिला असेल.

भुसावळपर्यंत माझा डबा संपला. मनमाडला आणखी पुऱ्या घेतल्या. फडक्याचा वास गाडीच्या डब्यात भरून राहिला आहे. मी ते ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि ट्रंकेवर पाय ठेवून बसले.

२२ जानेवारी, शनिवार, पुणे

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढे मलाच ते खोटं वाटायला नको.

दुपारी दोनला सुनंदाबाई मला वॉर्डात घेऊन गेल्या. ऊन खाटांवर आलं होतं. वीस मुलं गळ्यापर्यंत गोधड्या ओढून पडलेली, सगळ्यांचे डोळे माझ्या हातातल्या फडक्याकडे. वॉर्डात कोणी बोलत नव्हतं, पण एक बारीक आवाज येत होता, जनावर हळूहळू रवंथ करतं तसा. मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, आता ऐकायची सवय झाली आहे.

पहिल्या खाटेवर शिंदखेड्याचा वना होता. माझं मराठी कानावर पडताच त्याने माझा हात धरला. "माय, बठ्ठं खाई टाकं, तरी पोट रिकामंच शे." मी त्याच्या गोधडीचा कोपरा हातात घेतला. कोपरा गरम होता. माझे टाके तसेच होते, पण आतून कापड कुरतडलं होतं. कसर लागली असं मी स्वतःला सांगितलं. टाके उसवले, तुकडा आत ठेवला आणि सुई घातली. दुसरा टाका मला ओढावा लागला नाही. दोरा आपण होऊन आत गेला, आणि तिसऱ्या टाक्याला तो कोपरा गार पडला.

तशा एकोणीस शिवल्या. एक एक कोपरा गार होत गेला तसा तो आवाज कमी होत गेला.

कौतिक शेवटच्या खाटेवर. मी त्याला ओळखलं नाही. हिरव्या लुगड्याखाली त्याचं अंग होतं की नाही हेच कळत नव्हतं, गोधडी मात्र टम्म फुगलेली. तो म्हणाला, बाई, आईने काय धाडलं? मी म्हटलं, भाकरी. त्याने हात पुढे केला. त्या पोराच्या पसरलेल्या हातात न देता तो तुकडा मी कापडात शिवत होते, आणि तो पाहत होता. आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही. बोटाला सुई टोचली, रक्ताचा डाग लुगड्याला लागला. शेवटची गाठ मारली आणि वॉर्ड शांत झाला. किती शांत, ते बाहेरच्या झाडावरचे कावळे ऐकू आले तेव्हा कळलं.

पाच वाजता जेवण आलं. कौतिकने अर्धी पोळी आणि दोन घास भात खाल्ला. मग ताट हाताने दूर सरकवलं.

"बस झालं, बाई. पोट भरलं."

सुनंदाबाई भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. दोन महिन्यांत त्या वॉर्डात 'बस' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मी त्याचं उरलेलं ताट घेऊन बाहेर गेले आणि जिन्यात उभ्या उभ्या ते संपवलं.

२४ जानेवारी, सोमवार, गाडीत

घरी चालले आहे. निघायच्या आधी डॉक्टर भेटले. वीसही जणांची रात्र चांगली गेली, वनाची जखम सुकू लागली. ते म्हणाले, औषध लागू पडलं. मी हो म्हटलं.

फडक्यात एकविसावा तुकडा उरला होता. दौंडच्या पुढे मला इतकी भूक लागली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तुकडा शिळा, कडक झाला होता. तरी खाल्ला. बेबाबाईचा आगाऊपणा असा उपयोगी पडला.

२५ जानेवारी, मंगळवार, रावेर

बेबाबाईला सगळं सांगितलं. 'पोट भरलं' हे शब्द तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतले. मग विचारलं, एकवीसही तुकडे लागले का? मी हो म्हटलं. एका अर्थी लागलाच ना. तिने दोन्ही हात जोडले. मला खोटं बोलल्यासारखं वाटलं, पण खाल्ला म्हणून सांगायचीही लाज वाटली.

प्रवासाचा शीण आहे. शाळेला चार दिवस रजा टाकली.

२९ जानेवारी, शनिवार

रजा वाढवली. उठवत नाही. गोधडीत बरं वाटतं, उतरली की हुडहुडी भरते. यशोदाबाई सकाळी दहा भाकऱ्या थापून उशाशी ठेवून जाते. ती आता उंबऱ्यातूनच ताट आत सरकवते. तिला दोष देत नाही, माझंच तोंड आरशात पाहवत नाही. घड्याळ मनगटावर राहत नाही म्हणून दंडात घातलं आहे.

घरात उंदीर झाले असावेत. कुरतडल्याचा आवाज येतो. दिवसाही.

३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन पत्रं आली. यशोदाबाईने उंबऱ्यातून फेकली.

एक कौतिकचं, स्वतःच्या अक्षरात. कुबड्या मिळाल्या, वॉर्डाच्या टोकापर्यंत चालून आला. वजन वाढतं आहे. होळीपर्यंत घरी येईन म्हणतो. बाई, माझं अक्षर सुधारलं का बघा, असं खाली लिहिलं आहे. सुधारलं आहे. फार सुधारलं आहे. मी ते पत्र दहा वेळा वाचलं.

दुसरं बेबाबाईचं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. गावातल्या गावात पत्र कशाला, असं वाटलं. चार ओळी आहेत. यशोदाबाईकडून माझी हकीकत ऐकली म्हणते. भाऊंना सोडून येता येत नाही. एकविसावा तुकडा मी माझ्या घरच्या गोधडीसाठी दिला होता. लावला म्हणालात, मग अशा का झालात? लावला नसेल तर आजच लावा, तुमच्याच हाताने.

म्हणजे तो माझा होता.

मला हसू आलं. विसांचं गणित मलाच जमलं नाही. मुख्याध्यापिका. एकवीस कोपरे या हातांनी उसवले आणि वीसच आठवणीत ठेवले, कारण आपल्या अंगावरची गोधडी कोण मोजतं?

घाबरण्याचं कारण नाही. उपाय माहीत आहे, मुलं त्याने बरी झाली, मीही होईन. सुई-दोरा उशीखाली आहे. कात्रीही. कोपरा माझ्या हाताशीच आहे, गरम, हलतो आहे. ताटात सकाळच्या दहातली एक भाकरी उरली आहे, शेवटची. यशोदाबाई आता उद्याच येईल.

भाकरी हातात घेतली आहे. तुकडा मोडला. कळण्याचा काय वास येतो.

सगळी काही शिवायला लागणार नाही. बोटभर तुकडा पुरतो. आधी एवढा एक घास खाते, आणि मग सुई घेते.